प्लॉटच्या हद्दींसाठी सीगॅल? डास मारायला तोफ!

कोनमापक: सी प्लस प्लसमध्ये प्लॉटच्या हद्दी एकमेकींना कुठे छेदतात ते काढतोय. ऑफिसात एक जण सीगॅलच्या (CGAL, भूमितीची सी प्लस प्लस लायब्ररी) मागे लागलाय. मी म्हणतो, डबल (ठराविक अंकांपुरतेच नेमके असणारे दशांश आकडे) घ्या, फरक अगदी बारीक असला की शून्य धरा, विषय संपला. चार रेषांसाठी ती अवाढव्य लायब्ररी कशाला?

डावीकडून_तिसरा: ते 'शून्य धरा'च घात करतं. अ ब-च्या जवळ, ब क-च्या जवळ, म्हणून अ क-च्या जवळ असतोच असं नाही. मग कोडचा एक भाग म्हणतो बिंदू रेषेवर, दुसरा म्हणतो डावीकडे, आणि बहुभुज स्वतःलाच छेदून बसतो. माझ्या दोन रात्री यात गेल्यात. सीगॅल आधी उत्तर कुठून कुठवर असू शकतं ते काढतं. चिन्ह (अधिक की उणे, म्हणजे बिंदू डावीकडे की उजवीकडे) तेवढ्यावर ठरलं तर तिथेच थांबतं, नाही ठरलं तरच अचूक आकडेमोड. म्हणून वाटतं तितकं मंद नाही.

कोनमापक: अचूक? (0, 0.3), (1, 0.6), (2, 0.9) हे बिंदू शाळकरी पोरगंही एका रेषेत आहेत म्हणेल. हेच आकडे कोडमध्ये लिहून सीगॅलच्या अचूक कर्नलला (आकडेमोडीच्या गाभ्याला) द्या, 'नाही' म्हणतं. त्यांच्याच मॅन्युअलमध्ये आहे.

डावीकडून_तिसरा: पुढचं उदाहरणही वाचा की! 0.3 डबलमध्ये नेमका मावतच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेच आकडे मजकूर म्हणून वाचायला दिले की तिन्ही बिंदू एका रेषेत.

चहा_झाला_का: सीगॅल 5.0 पासून नुसत्या हेडर फायली, लायब्ररी आधी वेगळी बांधावी लागत नाही, हे खरं. पण कंपाइल लावून मी चहा पिऊन येतो तरी चालूच असतं. आणि टेम्प्लेटचा एरर आला की स्क्रोल करून बोट दुखतं.

जुना_कंपाइलर: भूमिती राहू द्या, लायसन्स बघा. सीगॅलचा पाया एलजीपीएल (आपला कोड बंद ठेवता येतो), वरचा बराचसा माल जीपीएल (प्रोग्रॅम दिला की सोर्सही द्यावा लागतो). क्लायंटला सोर्स द्यायचा नसेल तर जिओमेट्री फॅक्टरी या कंपनीकडून व्यापारी लायसन्स विकत घ्या. जीईओएस ही दुसरी भूमिती लायब्ररी एलजीपीएलवर आहे, बूस्ट या सी प्लस प्लस संग्रहातली जिऑमेट्री त्याहून मोकळी.

डावीकडून_तिसरा: लायसन्सचं मान्य. पण 1996 पासून झुरिक, उत्रेख्त, तेल अवीवची माणसं यावर राबलीत, ते तुम्ही शनिवारी दुपारी बसून लिहिणार?

जुना_कंपाइलर: नुसतं डावं-उजवं ठरवायचं असेल तर संगणकशास्त्रज्ञ शूचुकची एक सी फाइल पुरते, पब्लिक डोमेन आहे.

कोनमापक: मला छेदनबिंदूही हवेत.

डावीकडून_तिसरा: मग 'इनएक्झॅक्ट कन्स्ट्रक्शन्स'वालं कर्नल चुकूनही घेऊ नका. त्यात छेदनबिंदू राउंड होऊन येतो, आणि ज्या रेषेवरून काढला तिच्यावरच नसू शकतो.

कोनमापक: आधी जीईओएस लावून बघतो. आकडे मात्र मजकूर म्हणूनच जपून ठेवतोय.