राजपुत्राला वजन आहे!
काही जण म्हणतात की सुपर निन्टेंडो या जुन्या गेम कन्सोलवरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचे कंट्रोल सुस्त आहेत, उडी उशिरा लागते. मला तर तो सुस्तपणाच या गेमचा जीव वाटतो. गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम उतरवली. म्हणून राजपुत्र माणसासारखा हलतो: पळताना थांबवलं तर घसरत थांबतो, कठडा हुकता हुकता बोटांनी धरून लोंबकळतो. ‘मारिओ’ गेममधल्या झटपट उड्यांच्या सवयीने खेळलात तर खालच्या टोकदार सुळ्यांवर पडणारच. आधी एकेक पाऊल टाकत कडेपर्यंत जा, मग उडी घ्या. शिवाय या आवृत्तीत मूळ गेमच्या १२ ऐवजी २० लेव्हल आणि गेम संपवायला ६० ऐवजी १२० मिनिटं आहेत. एकदा शांतपणे खेळून बघाच.