सीझनला दर वाढवला की लूट? मग एकदा पाळणा जोडायला या

खटावचा पाळणेवाला

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत आली. लिहिणारे शाहूपुरीतले आहेत आणि साताऱ्याच्या या फोरमवरही असतात, म्हणून इथंच उत्तर देतो. त्यांचं म्हणणं असं: उन्हाळ्यात वॉटरपार्क, दिवाळीत थीमपार्क, जत्रेत पाळणे, सगळे गर्दी बघून दर चढवतात, ही उघड लूट आहे, सरकारनं वर्षभर एकच दर बांधून द्यावा. आणि शेवटी एक टोला: "पाळणेवाल्यांचं काय, लोखंड एकदाच घ्यायचं आणि जन्मभर फिरवायचं."

माझ्या चुलत्यांचा पाळणा होता. दहावीपर्यंतची प्रत्येक सुट्टी मी त्याच्याखाली काढली. पुसेगाव, पाल, म्हसवड, औंध, मग उन्हाळ्यात गावोगावच्या यात्रा. ट्रक मैदानात लागला की आधी ठेकेदार टेप घेऊन हजर, जागेचं भाडं फुटावर. तो स्वतः लिलावात बोली चढवून बसलेला, त्यालाही त्याचे काढायचे असतात. मग विद्युत निरीक्षकाचा दाखला, जनरेटरचं डिझेल, जोडणीला आठ माणसं दीड दिवस. चुलते एकेक पिन हातोडीनं वाजवून बघायचे. आवाज बोदा आला की पिन बदलली, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. यात्रा पाच दिवसांची, त्यात खरी गर्दीची रात्र दोन. आषाढापासून दसऱ्यापर्यंत पाळणा परड्यात ताडपत्रीखाली. कोंबड्या त्याच्या डब्यात अंडी घालायच्या, तेवढंच पावसाळ्याचं उत्पन्न.

पुसेगावला रथाच्या दिवशी आमचा दर वाढायचा, नाही म्हणत नाही. पण आडवारी दुपारी चुलते चार पोरं फुकट बसवून फिरवायचे, कारण रिकाम्या पाळण्याकडे कोण फिरकत नाही. त्याची पोस्ट कुणी लिहिली? झेंडू दसऱ्याला महाग होतो. एसटीनंसुद्धा काही दिवाळ्यांत दहा टक्के हंगामी भाडेवाढ केली होती. लूट तेवढी पाळणेवाल्याचीच दिसते.

शाहूपुरीकर

ती पोस्ट माझी. लोखंडाचं वाक्य मागं घेतो, बाकी एक अक्षर नाही.

तुमच्या चुलत्यांचा पाळणा आणि एक्स्प्रेसवेच्या बाजूचं मोठं पार्क एका पोत्यात घालू नका. गेल्या दिवाळीत आम्ही सहा जण तसल्याच एका पार्कात गेलो, नाव घेत नाही. आजी शहात्तर वर्षांची. साताऱ्याहून स्वारगेटपर्यंत एसटीत तिला अमृत योजनेत फुकट, कंडक्टरनं उठून खिडकीची जागा दिली. पार्काच्या गेटवर मात्र कळलं की ज्येष्ठांची सवलत सुट्टीच्या दिवसांत लागू नाही. पूर्ण तिकीट, तेही दिवाळीचं चढं. आजी सकाळी अकराला एका बाकावर बसली ती संध्याकाळी सहाला उठली. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पायाशी सहा जोड चपला. त्या बाकाचे आम्ही हजाराच्या वर मोजले. जत्रेत आजीला नुसतं बसायचे पैसे पडत नाहीत!

कराडचा कॉमर्सवाला

परवडत नसेल तर जाऊ नका. साधा मागणी-पुरवठा आहे. मंगळवारी जा, स्वस्त पडेल. एवढं रडगाणं कशाला?

शाहूपुरीकर

मंगळवारी पोराची शाळा कोण बुडवणार, तुम्ही येऊन बसता का वर्गात? ज्याला रजा फक्त दिवाळीत मिळते त्यालाच चढा दर. बंगल्यात बसून कधीही उठून जाणाऱ्याला स्वस्त. छान कॉमर्स शिकलात.

डॉलरवाली वाईकर

माहेर वाई, आता अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमपासून चाळीस मिनिटांवर राहते. तिथल्या डिस्नेलँडमध्ये २०१६ पासून तारखेप्रमाणे दर आहेत. सगळ्यात स्वस्त दिवस १०४ डॉलर, सगळ्यात महाग दोनशेच्या वर. वर्षाचं कॅलेंडर आधीच दिसतं, त्यामुळं गेटवर धक्का बसत नाही. हॅलोवीनची रात्रीची पार्टी वेगळ्या तिकिटाची असते. त्या दिवशी बाजूच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कातून दिवसाच्या तिकीटवाल्यांना संध्याकाळीच बाहेर काढतात आणि पार्टीवाले आत. तरी तिकिटं संपतात. लोक शिव्या देतात आणि रांगेत उभे राहतात.

पण आजीच्या बाकावरून एक सांगते. डिस्नेलँड जुलै १९५५ मध्ये उघडलं तेव्हा मोठ्यांना आत जायला एक डॉलर होता आणि प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं. नंतर कुपनांची पुस्तकं आली. सगळ्यात भारी राइडचं ते 'ई' तिकीट. ती पुस्तकं १९८२ मध्ये बंद झाली आणि एकरकमी तिकीट सुरू झालं, मग राइडमध्ये बसा नाहीतर बाकावर.

खटावचा पाळणेवाला

म्हणजे डिस्नेची सुरुवातही जत्रेच्याच हिशोबानं झाली की! आत या, फिरा, ज्यात बसाल त्याचे द्या.

माणदेशी मास्तर

साताऱ्याच्या धाग्यावर डॉलर कुठून आले? असो. गर्दी आवरायचा उपाय आपल्या घरचाच आहे. कासचं फुलांचं पठार बघा. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, झुंबड उडाली. तिथं ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आणली. दर चढवून गरीब गाळला नाही, डोकी मोजली. पार्कवाल्यांना हे का जमत नाही?

शाहूपुरीकर

मास्तर, शंभराचे दीडशे झाले ते विसरलात. आणि दीडशे देऊन आम्ही काय बघितलं? धुकं. पांढरं, थंड, अस्सल धुकं. सोनकी एक झुडूप, तेही समोरच्याच्या छत्रीखाली.

एकीवचा पोऱ्या

धुक्याचं बिल आम्हा कासजवळच्या गावकऱ्यांवर फाडू नका. फुलांना तुमचं बुकिंग कळत नाही. पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडलं की रंग येतो, नाही उघडला तर नाही. कारवी तर सात वर्षांनी फुलते, तिची आगाऊ तारीख कुठल्या ॲपवर टाकू? सीझन दीड-दोन महिन्यांचा. तेवढ्यात आजूबाजूच्या गावांतली पोरं पार्किंग, स्वच्छता, गाइड अशी कामं करतात, नाहीतर मुंबईला जायचं. आणि लोक तेरड्याच्या गालिच्यावर आडवं पडून फोटो काढतात ते वेगळंच. तुम्ही पडला नव्हता ना?

शाहूपुरीकर

मी नव्हतो पडलो. मेहुणा पडला होता. त्याच्या वतीनं माफी.

कोरेगावची ताई

दर जाऊ दे खड्ड्यात. ते गेटवर पिशव्या तपासतात त्यावर कुणी बोलत का नाही? मे महिन्यात आम्ही भिशीच्या बायका एका वॉटरपार्कला गेलो. पहाटे चारला उठून मी धपाटे केले, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मडक्यातलं दही. गेटवरच्या पोरानं डबा काढून घेतला, "बाहेरचं अलाउड नाही मॅडम". आत गेल्यावर पाव किलो भाताला जो दर लावलाय त्यात आमच्याकडं पोतं येतं. आणि वर नायलॉनचा पोहायचा ड्रेस भाड्यानं, त्याचं डिपॉझिट वेगळं. तिकीट परवडलं, भूक नाही परवडली.

कराडचा कॉमर्सवाला

खाण्यावरच तर त्यांचं चालतं. तुम्ही धपाटे आणले तर त्यांनी आतलं हॉटेल कुणासाठी काढलं? शिवाय तेलकट हातानं लोक पाण्यात उतरतात.

कोरेगावची ताई

तेलकट हात? तुमच्या आईनं कधी डबा दिला नव्हता वाटतं. आम्ही आधी पोहणार होतो, मग खाणार होतो. अक्कल आहे आम्हाला.

कराडचा कॉमर्सवाला

आईपर्यंत जायची गरज नव्हती.

कोर्टाची पायरी

मी वकील नाही, चहा वकिलांसोबत पितो. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सिनेमागृहांबद्दल निकाल दिलाय: जागा खाजगी, बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवेल, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावं लागेल आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. सुनावणीत सरन्यायाधीशांनी विचारलं होतं की कुणी जिलेबी आणली आणि खुर्चीला बोटं पुसली तर? निकाल थेटराचा आहे, पार्काचा नाही. पण पार्कवाले कुठला कागद पुढं करतील याचा अंदाज येईल.

सांगलीचा भडंग

थेटराचा विषय निघालाच आहे तर ऐका मर्दांनो. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत जीएसटीतून माफ आहे. थीमपार्कांना जुलै २०१७ ला २८ टक्के लागला होता, जानेवारी २०१८ पासून १८. तरी तुम्ही रांगा पार्काला लावता! ज्या सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक उभं केलं तिथं आज नाटकाच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या. करमणूक करमणूक म्हणता आणि...

माणदेशी मास्तर

सांगलीकर आला की १८४३ येतंच. पोराला नाटकाला नेलं तर मध्यंतरात विचारतं, स्लाइड कुठंय?

सांगलीचा भडंग

ते नेणाऱ्याचं पाप. आणि आमच्याकडं नाटकाला भडंगाची पुडी खिशात असते, कोण तपासत नाही. ताई, तुम्ही सांगलीला या.

डॉलरवाली वाईकर

ताई, तुम्हाला राग येईल, पण डिस्नेलँडमध्ये घरचं खाणं नेऊ देतात. काचेची बाटली आणि दारू चालत नाही. मी दशम्या नेते. सासूबाई लोणचंही नेतात. रांगेत उभ्या उभ्या वाटतो.

कोरेगावची ताई

बघा! तिकडं दोनशे डॉलर घेऊन दशम्या चालतात, इकडं माझे धपाटे चालत नाहीत.

खटावचा पाळणेवाला

ताई, धागा पाळण्याचा होता. आता धपाट्यांचा झाला.

कोरेगावची ताई

तुम्हीच सांगा, तुमच्या चुलत्यांनी कधी कुणाचा डबा अडवला?

खटावचा पाळणेवाला

अडवला नाही. उलट लोक खालीच पंगत मांडायचे, आणि रात्री उष्टं झाडायचं काम माझं. गोडीशेवेचे कागद, कलिंगडाच्या फोडी, एकदा तर कुणाची कवळी. तेव्हा पार्कवाल्याची बाजू मला थोडी कळते. थोडीच.

बाकी शाहूपुरीकर, आजीच्या बाकाबद्दल तुमचं बरोबर आहे. लिहायला जड जातंय पण लिहितो. सीझनचा दर वाढवण्यावर मी ठाम आहे, त्यावर हटणार नाही. पण जो कशातच बसणार नाही त्याच्याकडून पाळण्याचे पैसे घेणं आमच्या धंद्यात भीक समजली जायची. पाळण्याखाली पिशव्या धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना चुलते स्टूल द्यायचे.

शाहूपुरीकर

एवढं कबूल केलंत, बास. मग मीही करतो: एकच दर वर्षभर ही मागणी बावळट होती. रिकाम्या मंगळवारी दिवाळीचा दर कोण देणार. पण सवलत सुट्टीतच बंद, आणि ते तारखेखाली बारीक अक्षरात, यावर मी मेलो तरी गप्प बसणार नाही. चुलत्यांचा पाळणा अजून फिरतो का? आजी डिसेंबरात पुसेगावला यायचं म्हणतेय.

खटावचा पाळणेवाला

विकला. टोराटोरा आणि ब्रेक डान्स असले नवे पाळणे आल्यावर लाकडी डब्यात कोण बसेना. घेणाऱ्यानं भंगाराच्या भावानं मागितला होता, चुलत्यांनी वरचे पैसे भांडून घेतले आणि मग दोन दिवस जेवले नाहीत. एक डबा ठेवलाय परड्यात. कोंबड्या अजून त्यातच बसतात.

कराडचा कॉमर्सवाला

सगळं ठीक, पण ताईंनी माझी माफी मागितली नाही.

कोरेगावची ताई

तुम्ही आधी धपाट्यांची मागा.

एकीवचा पोऱ्या

ताई, एक राहिलंच. तो डबा मिळाला का परत?

कोरेगावची ताई

मिळाला, संध्याकाळी निघताना, चिठ्ठी दाखवून. धपाटे बावीस होते, एकोणीस निघाले. दही तसंच होतं. चटणीची वाटी मात्र चाटून पुसून.