लहानपणीचा वॉरहॅमर पुन्हा खेळायचा आहे, पण दोन्ही सैन्ये पूर्ण रंगवून: नियम कोणते घ्यावेत, सैन्य केवढे असावे?

दांडियाबाजारकर (बडोदे)

सर्वांना नमस्कार. मेजावर छोट्या सैनिकांच्या तुकड्या मांडून खेळायच्या वॉरहॅमर फँटसी बॅटल या युद्धखेळाची चौथी आवृत्ती १९९२ साली आली. हाय एल्फ विरुद्ध गॉब्लिन (दोन्ही काल्पनिक जमाती) अशी ती पेटी लेस्टरच्या मामांनी पाठवली, तेव्हा मी आणि माझा मावसभाऊ शाळेत होतो आणि पुढे कित्येक उन्हाळ्याच्या सुट्ट्या आम्ही हाच एक खेळ खेळलो. सैनिक मात्र कधी धड रंगवले गेले नाहीत. थोड्यांवर पोस्टर कलर लागला, काहींवर घरातल्या दारांचा उरलेला ऑइलपेंट लागला आणि बाकीचे साच्यातून निघाले तसेच राहिले. येत्या दिवाळीत मावसभाऊ बडोद्याला येणार आहे आणि आमचे असे ठरले आहे की तोच खेळ, त्याच सैनिकांनिशी खेळायचा, परंतु न रंगवलेला एकही सैनिक मेजावर येऊ द्यायचा नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नियम त्याच आवृत्तीचे ठेवावेत की नंतरच्या एखाद्या आवृत्तीचे घ्यावेत? जादूचे पत्ते असलेली पेटी हरवली आहे, त्याचे काय करावे? आणि गॉब्लिन इतके आहेत की ते दिवाळीपर्यंत रंगवून होतील असे वाटत नाही, तर सैन्य लहान करणे योग्य ठरेल का?

पलासियाकर (इंदूर)

माझे मत स्पष्ट आहे: सहावी आवृत्ती घ्या. चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीत सैन्याच्या एकूण गुणांपैकी (प्रत्येक सैनिकाची किंमत गुणांत मोजतात) निम्म्यापर्यंत गुण वीरांवर खर्च करता येत असत, त्यामुळे जादूई तलवार घेतलेला एकच सरदार अख्खी पलटण कापून काढी आणि मागे उभ्या असलेल्या सैनिकांना प्रेक्षकांपलीकडे काम उरत नसे. २००० साली आलेल्या सहाव्या आवृत्तीने हे मोडून काढले. २००० गुणांच्या सैन्यात जास्तीत जास्त चार वीर, त्यांपैकी सर्वोच्च दर्जाचा एकच, आणि सामान्य सैनिकांच्या किमान तीन तुकड्या असायलाच हव्यात, असा तिचा दंडक आहे. एवढे कष्ट घेऊन तुकड्या रंगवायच्या आणि लढाई मात्र दोन सरदारांनी आपसांत उरकायची, हे मला तरी पटणार नाही.

जुनी_पेटी

पलासियाकरांचे निदान बरोबर आहे, औषध मात्र गरजेपेक्षा जहाल आहे. या दोघांना चांगला खेळ शोधायचा नसून आपला खेळ परत हवा आहे. तेव्हा चौथी आवृत्तीच ठेवावी आणि प्रत्येक बाजूला एक सेनापती व एक ध्वजधारी यांपलीकडे वीर घेऊ नयेत, एवढा करार आधी करावा. जादूची तर चिंताच नको. त्या आवृत्तीच्या मूळ पेटीत जादूचे नियम नव्हतेच, ते वेगळ्या पेटीत विकले जात. त्यामुळे जादूशिवाय खेळलेला सामना अपुरा ठरत नाही.

सैन्य लहान करण्याबद्दल मात्र सावध राहावे, कारण गॉब्लिनांचे सारे बळ रांगांमध्ये आहे. हातघाईत हरलेल्या तुकडीला न पळता टिकायचे तर दोन फाशांवर आपल्या नेतृत्वाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी बेरीज पडावी लागते, आणि हा आकडा एल्फांचा ८ व गॉब्लिनांचा ५ असतो. दोन फाशांची बेरीज ५ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता ३६ पैकी १० आहे, तर ८ किंवा त्याहून कमी येण्याची ३६ पैकी २६. हातघाईत जितक्या फरकाने हरावे तितका हा आकडा आणखी घटतो. एका गुणाने हरलेल्या गॉब्लिनांना ४ किंवा कमी लागतात, म्हणजे ३६ पैकी केवळ ६ वेळा ते टिकतील; हा हिशेब सेनापती जवळ नसतानाचा. हातघाईचा निकाल लावताना पहिल्या रांगेमागच्या प्रत्येक भरलेल्या रांगेचा एक असे जास्तीत जास्त तीन गुण मिळतात, आणि गॉब्लिन हरू नयेत म्हणून त्यांच्या हाती असलेली ही एकमेव खात्रीची गोष्ट आहे. मागच्या रांगा कापून तुकडी लहान केलीत तर ती पहिल्याच धडकेला पळेल आणि मावसभावाची दिवाळी फार लवकर संपेल. म्हणून तुकड्यांची संख्या कमी करा, तुकडीची खोली कमी करू नका. गॉब्लिनांचे पाच रुंद व चार खोल असे दोन चौकोन आणि तिरंदाजांची एक तुकडी, समोर त्याच गुणांचे एल्फ, एवढ्यावर संध्याकाळ उत्तम जाईल.

रंगपेटी (बडोदे)

मी फाइन आर्ट्‌सला शिल्पकलेची विद्यार्थिनी होते. मिनिएचर रंगवण्याचा छंद नंतर लागला. वरचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या खेळात मेलेले सैनिक मागच्या रांगेतून उचलले जातात. म्हणजे पहिली रांग शेवटपर्यंत मेजावर राहते आणि चौथी रांग सर्वांत आधी पेटीत जाते, शिवाय ती असते तोवर पुढच्यांच्या आड झाकलेली असते. तेव्हा मेहनतही त्याच प्रमाणात वाटून घ्यावी. पहिल्या रांगेतल्या पाचांचे डोळे, दात, पट्टे, ढालीवरचे चिन्ह सगळे करावे. मागच्या रांगांना त्वचेचा हिरवा, झग्याचा काळा आणि भाल्याच्या पात्याचा धातूरंग असे तीन रंग, वरून पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग) आणि पूर्ण केलेला बेस (सैनिकाच्या पायाखालचा तळ) एवढे पुरे. स्पर्धांमध्येही किमान अट साधारण तीन रंगांची आणि बेसची असते, त्यामुळे याला कोणी पळवाट म्हणू नये. मेजाशी उभे राहिल्यावर नजर आणि सैनिक यांत तीन-चार फुटांचे अंतर असते आणि त्या अंतरावरून बारकावे दिसत नाहीत, फिकट-गडद यांतला फरक दिसतो. तो नेहमीपेक्षा थोडा भडक ठेवावा. काळ्या झग्यांच्या कडांवर राखाडी ड्रायब्रश (रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश) फिरवला नाही, तर सगळी तुकडी डांबराचा गोळा दिसेल.

जुना रंग आधी काढावा लागेल. पोस्टर कलर कोमट साबणाच्या पाण्याने निघतो. ऑइलपेंटसाठी सैनिक रात्रभर डेटॉलमध्ये, पाणी न घालता, बुडवून ठेवावेत आणि जुन्या टूथब्रशने डेटॉलमध्येच घासावेत. रंग पूर्ण सुटण्याआधी पाणी लागले तर त्याचा चिकट राळ होतो आणि मग तो काढताना जीव मेटाकुटीला येतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र दूर ठेवावा, कारण त्यातल्या ॲसिटोनने हे प्लॅस्टिक विरघळते.

प्रायमरचा स्प्रे बडोद्याच्या पावसाळ्यात मारू नका. हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढरट साय धरते, वॉर्निशवर तर हमखास. पाऊस उघडेपर्यंत थांबायचे नसेल तर ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा. कॅमलिनचे ॲक्रिलिक चालतात, पण ते दाट असतात, म्हणून पाण्याने पातळ करून दोन हात द्यावेत.

लश्करवाला (ग्वाल्हेर)

एक पुरवणी. जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने हा खेळ पुन्हा आला आहे आणि त्यात हाय एल्फ व गॉब्लिन दोन्ही आहेत. पुढे तो खेळण्याचा विचार असेल तर आताच लक्षात घ्या की तुमचे बेस २० मिलिमीटरचे आहेत आणि नव्या नियमांत याच सैनिकांना २५ मिलिमीटर लागतात. सैनिक उखडू नका. पाच रुंद तुकडीसाठी १२५ मिलिमीटर रुंदीचा ट्रे करून त्यात जागा सोडून ते ठेवले की दोन्हीकडे चालतात.

मेजाविषयी कोणी बोलले नाही. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ बाय चार फुटांचा मिळतो. दुकानातच दोन फूट कापून घ्या, म्हणजे सहा बाय चारचे रणांगण तयार होते. टेकड्या थर्माकोलच्या करणार असाल तर त्यांवर स्प्रे मारू नका, तो थर्माकोल खातो.

दांडियाबाजारकर (बडोदे)

सर्वांचे आभार. मावसभावाशी बोलणे झाले. चौथी आवृत्ती, जादूशिवाय, प्रत्येकी एक सेनापती आणि एक ध्वजधारी, एवढे मान्य झाले आहे. पलासियाकर, सहावी आवृत्ती आम्ही नाकारलेली नाही, ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवली आहे. आता एकच वाद उरला आहे. नाइट गॉब्लिनांचे साखळीगोळा फिरवणारे फनॅटिक तुकडीच्या आत लपलेले असतात आणि शत्रू आठ इंचांच्या आत आला की बाहेर सोडले जातात. ते सामना सुरू होईपर्यंत मला दाखवणार नाही, असे मावसभावाचे म्हणणे आहे. मग ते रंगवलेले आहेत की नाहीत, हे मी कसे तपासावे?

रंगपेटी (बडोदे)

ते माझ्याकडे पाठवा. मी तपासून बंद डब्यात परत देईन आणि किती आहेत ते सांगणार नाही.