मदत हवी आहे : नोकरीसाठी गाव सोडताना मूळ प्रमाणपत्रे मध्यस्थ संस्थेकडे द्यावीत का?

नमस्कार,

मला एका मोठ्या शहरातील कंपनीच्या लेखा विभागात नोकरी मिळत असून, त्यासाठी मी प्रथमच गाव सोडून एकटी राहणार आहे. आमचे गाव इतके आडबाजूला आहे की शहरात नोकरी करून राहिलेली, मोकळेपणाने सल्ला विचारता येईल अशी एकही बाई माझ्या ओळखीत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

कंपनीच्या नियुक्तिपत्रात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख स्पष्ट आहे. अडचण आहे ती मध्यस्थ संस्थेने सोबत पाठवलेल्या अटींच्या पानाची. पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रिका मूळ स्वरूपात त्यांच्याकडे जमा कराव्यात, नोंदणी शुल्क आगाऊ भरावे आणि त्यांनीच दिलेल्या खोलीत राहावे, तिचे भाडे पगारातून कापले जाईल, असे त्यात म्हटले आहे. भाडे किती, एका खोलीत किती जणी, नोकरी सोडल्यास खोली कधी रिकामी करायची, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. पत्त्याच्या जागी नुसते ‘कार्यालयाजवळ’ असे आहे. फोन केला तेव्हा ‘सगळ्याच मुली देतात’ एवढेच उत्तर मिळाले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात, खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. ओळखपत्रे अडकवून ठेवणे हे तर ही संघटना सक्तीच्या मजुरीचे एक लक्षण मानते. अर्थात तो करार मान्य केलेल्या देशांनाच बंधनकारक असतो आणि गुणपत्रिका म्हणजे ओळखपत्र नव्हे, त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर भांडता येणार नाही, हे मला कळते.

वडिलांची माझ्या जाण्याला पूर्ण संमती आहे. आईला मात्र वाटते की खोली संस्थेचीच असावी, म्हणजे कोणीतरी जबाबदार राहील. मला नेमकी याचीच धास्ती वाटते, कारण नोकरी, निवारा आणि कागदपत्रे तिन्ही एकाच्याच हातात गेली, तर उद्या वरिष्ठांशी खटका उडाल्यावर नोकरी सोडण्याचे धाडस तरी कसे होणार?

मूळ प्रती पडताळणीसाठी दाखवून लगेच परत घेईन आणि साक्षांकित प्रती देईन, असे लेखी कळवले तर नियुक्ती हातची जाण्याची शक्यता कितपत असते? हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला थेट लिहावे, की संस्थेला डावलल्यासारखे होईल? सुरुवातीचे काही महिने महिला वसतिगृहात राहण्याचा माझा विचार आहे. पण जागा प्रत्यक्ष न पाहता, गावातूनच चौकशी करताना नेमके काय विचारावे?

ज्यांनी मूळ प्रमाणपत्रे जमा केली होती, त्यांनी ती परत कशी मिळवली हेही कृपया लिहावे. होकार कळवण्यास मला आठवडाभराची मुदत आहे.