सिमल्यात स्वस्त पण कमी पायऱ्यांचं हॉटेल: मदत हवी आहे

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं सिमल्याला जातोय, तीन रात्री. सोबत आई-बाबा आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. बजेट खोलीमागे रात्री 2000 रुपयांपर्यंत, दोन खोल्या. कालक्याहून छोट्या रेल्वेने (टॉय ट्रेनने) येणार, तिची तिकिटं झाली आहेत. पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असेल.

घोडं अडलंय ते चढावर. मॉल रोडवर, म्हणजे वरच्या मुख्य बाजाररस्त्यावर, टॅक्सी जात नाही, एवढं कळलं. ॲपवर 'मॉलपासून पाच मिनिटं' लिहिलेल्या एका हॉटेलला फोन केला, तर पाच मिनिटं खरी, पण मध्ये ऐंशी पायऱ्या! दुसऱ्याने 'कुली मिळेल' म्हणून विषय संपवला. बॅगा कुली नेईल हो, आईला कोण नेणार?

खालच्या कार्ट रोडवर (तिथे गाड्या जातात) राहून तिथल्या सार्वजनिक लिफ्टने मॉलवर जायचं, असा एक विचार आहे. लक्कड बाजारच्या बाजूला खोल्या स्वस्त दिसतात, पण तिथून रिजपर्यंतचा (मॉलजवळच्या मोकळ्या चौकापर्यंतचा) चढ फोटोत कळत नाही. शहराबाहेरचं होमस्टे नको, रोजची टॅक्सी परवडणार नाही. गीझर हवाच, हीटर भाड्याने मिळाला तरी चालेल. जेवणाची अट नाही.

अलीकडे ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांनी सांगा: कार्ट रोडवर लिफ्टच्या जवळपास, गाडी थेट दारापर्यंत जाईल आणि खोलीपर्यंत दहा-पंधराहून जास्त पायऱ्या नसतील, असं या बजेटमधलं हॉटेल आहे का? आणि रात्री परतताना लिफ्ट किती वाजेपर्यंत चालू असते?