धोरणलकवा, डिस्लेक्सिया, वेडा... राजकारणात टीका करायला आजारच का लागतात?

सांजवारा : २०१३ मध्ये शरद पवारांनी नाव न घेता टोला हाणला होता की फायलींवर सही करताना काहींच्या हाताला लकवा मारतो का काय, रोख तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांवर होता हे शेंबड्या पोरालाही कळलं. धोरणलकवा, म्हणजे सरकारचे निर्णयच रखडणं, हा शब्द तर तेव्हा अग्रलेखांतही सर्रास यायचा. मग मार्च २०१९, हॅकेथॉनमध्ये (विद्यार्थ्यांची तंत्रज्ञान स्पर्धा) एक विद्यार्थिनी डिस्लेक्सियाच्या, म्हणजे लिहिता-वाचताना अडचण येणाऱ्या, मुलांसाठी केलेलं काम सांगत होती आणि मोदींनी विचारलं की ४०-५० वर्षांच्या मुलांनाही याचा उपयोग होईल का. टोला राहुल गांधींना होता असंच बहुतेकांनी धरलं, पोरं हसली. पक्ष कुठलाही घ्या. ज्याला बोलायचं त्याला बोला ना, भलत्याला का लागावं?

खडीसाखर : नाही पटलं. 'आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं', 'वासरात लंगडी गाय शहाणी', या म्हणी पण टाकून द्यायच्या का? अशानं भाषा पार मिळमिळीत होईल. आणि धोरणलकवा वाचताना कुणाच्याही डोळ्यापुढे पेशंट येत नाही.

सांजवारा : आमच्या घरात येतो हो. बाबांना लकव्याचा झटका आला तेव्हापासून उजवा हात नीट चालत नाही. बँकेत सही जुळेना, ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून परत परत करत होते, मागची रांग कुरकुरायला लागली, शेवटी अंगठा घेतला. मुख्याध्यापक म्हणून जन्मभर दाखल्यांवर सह्या केलेला माणूस. त्यांना सही करायचीय पण हात ऐकत नाही, मंत्र्याचा हात धडधाकट आहे पण त्याला करायची नाही. या दोन गोष्टी सारख्या कशा?

घाटमाथा : डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगानेच पक्षांना सांगितलंय की मुका, आंधळा, बहिरा, लंगडा असलं प्रचारात वापरू नका. शिवाय २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ९२ आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा.

खडीसाखर : ते कलम अपंग व्यक्तीचा चारचौघात मुद्दाम अपमान केला तर लागतं. चव्हाण कुठे अपंग होते? असं ओढूनताणून लावायला लागलात तर उद्या सत्तेतलेच टीका करणाऱ्यांवर केसेस टाकतील. त्यापेक्षा रॅम्प मागा, दाखले वेळेत मिळावेत म्हणून भांडा.

हिरवीचिंच : दाखल्यांचंच सांगते, मी शाळेत शिकवते. दहावीला डिस्लेक्सियाच्या मुलांना जादा वेळ मिळतो पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि कित्येक पालक ते काढतच नाहीत, पोराला चिडवतील म्हणून. आता देशाचा पंतप्रधान बोलतो आणि हॉल हसतो, हे टीव्हीवर बघितलेल्या आईला मी कुठल्या तोंडानं सांगू की अहो यात लाजण्यासारखं काही नाही?

सांजवारा : अगदी हेच. आणि टीका मवाळ करा असं कुठे म्हणतोय मी? कुठली फाइल, किती महिने पडून आहे, त्यामुळे कुणाचं घर रखडलं हे नाव घेऊन सांगा की, लकव्यापेक्षा जास्त झोंबेल.

खडीसाखर : ताईंचं पटलं, समोर त्या मुलांचाच विषय चालला होता, तिथे तो टोला नको होता. काकांच्या बाबतीत मात्र दोष बँकेचा धरतो मी. आणि भर सभेत फायलींची यादी ऐकायला कोण थांबतंय, लकवा म्हटलं की शेवटच्या रांगेतल्यालाही एका सेकंदात कळतं.