मिनी ट्रॅक्टरचे मागचे टायर: ८.३-२० च ठेवू की ९.५-२० टाकू?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. २४ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आहे. पुढे ७-१२, मागे ८.३-२० (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात), दोन्ही आर-१ नक्षीचे, म्हणजे शेतीच्या नेहमीच्या दातांचे. मागच्यांचे दात झिजून बोटभरही उरले नाहीत, पुढचे निम्मे आहेत. केळी ६ बाय ५ फुटांवर, मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) दोन्ही. उरलेल्या रानात कपाशी. जमीन भारी काळी. बागेत ४ फुटी रोटाव्हेटर, बाहेर कल्टिव्हेटर, आणि शेत ते गाव ४ किलोमीटर डांबरी रस्त्यावर ट्रॉली.

दुकानदार म्हणतो, ९.५-२० घ्या, पकड वाढेल. दुसरा म्हणतो, भाताचे खोल दातांचे टायर काळ्या मातीत भारी चालतात. शिवाय पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडांच्या) खुंटांनी पंक्चर नेहमीचं. वजन वाढवायला टायरमध्ये पाणी भरावं का, हेही सांगा.

गिअरबॉक्स_धुळे

९.५ चा विचार सोडा. मागे एकट्याचं माप बदललं की फोर व्हीलचं गणित बिघडतं.

पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. कंपनी हा हिशोब असा ठेवते की पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित जास्त ओढेल, साधारण १ ते ५ टक्के. ही पुढच्या चाकाची आघाडी. ८.३-२० आणि ९.५-२० यांच्या व्यासात ५ ते ६ टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे ती सगळी आघाडी खाऊन वर पुढचं चाक मागे पडणार. मग पुढचे टायर ओढत नाहीत, घासत जातात. ताण जातो पुढच्या एक्सलच्या गिअरवर आणि शाफ्टच्या जोडावर.

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजा. मोकळ्या सपाट रानात, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवून, एका मागच्या आणि एका पुढच्या चाकावर खडूने खूण करा. फोर व्हीलचा लिव्हर सोडून (पुढच्या चाकांची ओढ बंद करून) ट्रॅक्टर सरळ हळू चालवा आणि मागचं चाक १० फेरे फिरेपर्यंत पुढचं किती फिरलं ते दुसऱ्याने मोजावं. मग लिव्हर टाकून (ओढ चालू करून) तेच पुन्हा. समजा सोडून १३.४ आले आणि टाकून १३.८, तर फरक ०.४, म्हणजे ३ टक्के आघाडी. ठीक आहे. आता मागे ९.५ बसवला तर लिव्हर सोडून साधारण १४.२ येतील, पण गिअर १३.८ च देणार. उणे झालं. पाव फेराही चुकू नये म्हणून २० फेरे मोजले तर आणखी बरं. डांबरावर लिव्हर टाकून ही चाचणी करू नका.

ह्याच हिशोबात तुमचे पुढचे निम्मे झिजलेले टायर येतात. झिजल्यामुळे ते लहान झालेत, मागे नवे कोरे मोठे. आघाडी १ टक्क्याच्या खाली आली तर पुढचे टायरही ह्याच वेळी बदला. चुकलं असेल तर लक्षणं लवकर दिसतात: पुढच्या दातांची एक कड करवतीसारखी झिजते, लिव्हर सुटताना अडतो, वळताना झटके बसतात. आणि कुठल्याही मापावर, डांबरावर लिव्हर सोडलेलाच हवा.

रिमचंही बघा. ८.३ ला ७ इंची रिम लागते, ९.५ ला ८ इंची. तुमच्याच रिमवर ९.५ ओढून बसवला तर टायरची पाठ गोल होते आणि मधलेच दात जमिनीला लागतात. मग रुंदी घेऊन फायदा काय?

काळी_माती_यावल

गिअरबॉक्सभाऊंशी सहमत. रुंदीचा मुद्दा केळीत वेगळाही लागतो. ६ फुटांचा पट्टा कागदावर असतो. पील (बुडाशी फुटणारे कोंब) वाढली, पानं खाली आली, ठिबकची नळी खोडापासून सरकली की उरते त्याहून कमी जागा. टायरची बाहेरची कड आणि नळी यांत दोन्ही बाजूंना वीतभर अंतर हवंच, कारण दाताखाली नळी आली की वळताना चिरते.

आता भाताचा टायर, म्हणजे आर-२. त्याचे दात आर-१ पेक्षा बरेच खोल. साचलेल्या पाण्यात, खाली टणक थर असेल तिथे ते बरोबर काम करतात. आपल्याकडे रोज ४ किलोमीटर डांबर आहे. उंच दात रस्त्यावर वाकतात, घासतात, झपाट्याने जातात आणि सीटपर्यंत हादरे देतात. शिवाय बागेत खोल घुसतात, आणि केळीची मुळं वरच्या थरातच असतात. आर-४, म्हणजे बांधकामाच्या यंत्रांचा रुंद, बुटक्या दातांचा टायर, रस्त्याला टिकतो, पण ओल्या काळ्या मातीत त्याच्या खाचा गाऱ्याने भरल्या की गुळगुळीत रूळ झाला. लॉनचा आर-३ आपल्या कामाचा नाही.

आर-१ च घ्या, पण दुकानात दोन-तीन कंपन्यांचे शेजारी ठेवून दातांमधली मोकळी जागा बघा. जास्त दात म्हणजे जास्त पकड हा समज काळ्या मातीत उलटा पडतो. अंतर मोठं असेल तर चाक फिरताना गारा आपोआप सुटतो. दात जवळजवळ असतील तर तो अडकून बसतो. खरं सांगायचं तर वाफसा (मशागतीजोगी बेताची ओल) नसताना कुठलाही टायर घातला तरी माती दाबलीच जाणार, त्याला टायरची निवड उपाय नाही.

बसवताना बाजूचा बाण पुढे चालण्याच्या दिशेला. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर दातांचं टोक वर दिसायला हवं. डिश (चाकाची मधली तबकडी) उलटी करून चाकांतलं अंतर कमीजास्त करणार असाल तर डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं लागतं, नाहीतर बाण उलटा होतो. उलट्या बाणाने पकड घटते आणि दातांत चिखल साचतो.

केळीबाग_रावेर

९.५ बाद. पण पाण्याचं आणि पंक्चरचं राहिलं. हवा किती ठेवायची हेही. रस्त्याला वेगळी आणि रानात वेगळी, हे रोज कोण करत बसणार?

टायरकाम_चोपडा

आधी पंक्चर. विळ्याने तिरकी कापलेली पऱ्हाटी म्हणजे भाला. वाळली की आणखी कडक. चिमट्याने उपटा. नाहीच जमलं तर जमिनीलगत सपाट कापा आणि पहिल्या फेरीत रोटाव्हेटर घेऊन त्यावरून जाऊ नका, कारण मागचं चाक खुंटावर रोटाव्हेटरच्या आधी जातं. ६ प्लायऐवजी ८ प्लाय (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचा, आतल्या थरांचा आकडा) मिळाला तर पाठीला फरक पडतो, पण खुंट बहुतेक बाजूच्या भिंतीतून घुसतो आणि तिथे प्लाय फार वाचवत नाही. आत ओतायचं सीलंट बाभळीच्या काट्याला चालतं, खुंटाच्या चिरीला नाही. पाणी भरणार असाल तर ते ओतूच नका.

नव्या टायरला नवी ट्यूब. जुनी ताणलेली असते, आत चुणी पडते आणि चुणीवरच फाटते. जुना टायर परत वापरत असाल तर आतून कापडाचा बोळा फिरवून काटे शोधा, हात नको. रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढा, ट्यूबला टाल्कम पावडर लावा, टायरच्या कडेला साबणाचं पाणी. ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर खातं. हवा भरून दोन्ही कडा रिमवर सारख्या बसल्या की पूर्ण सोडून पुन्हा भरा, म्हणजे ट्यूब सरळ होते. कड बसत नाही म्हणून ३५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर नेऊ नका. सोडा, साबण लावा, परत करा. भरताना टायरसमोर उभं राहायचं नाही.

घेताना बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला. दुकानाच्या ओट्यावर उन्हात पडलेला जुना माल स्वस्तात मिळतो, पण दातांच्या बुडाशी बारीक भेगा असतील तर परत ठेवा.

हवा: टायरवर आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात वजनाप्रमाणे तक्ता असतो, तो अंतिम. मागच्या चाकांना रानात साधारण १२ ते १४ पीएसआय. १२ च्या खाली गेलात तर ओढताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. ट्रॉलीला १८ ते २०. रोज बदलायचं नसेल तर ट्रॉलीच्या दिवसांत वाढवा आणि बागेच्या कामाला लागताना सोडा. बागेत १८ ठेवून फिरलात तर टायर मधूनच टेकतो. सकाळी, ट्रॅक्टर चालू करण्याआधी मोजा. मे महिन्यात दुपारी डांबरावरून आल्यावर मोजून हवा सोडली तर सकाळी कमी भरते.

गिअरबॉक्स_धुळे

पाण्याबद्दल मी सांगतो. आधी घसर (ओढताना चाक किती जागीच फिरतं ते) मोजा, मग भरा. रिकाम्या चालीत मागच्या चाकाचे १० फेरे किती मीटर जातात ते टेपने मोजा, मग कल्टिव्हेटर लावून त्याच १० फेऱ्यांत किती. २६.५ चे २३.३ झाले तर घसर १२ टक्के, उत्तम. १५ च्या वर असेल तर वजन हवं. ५ च्या खाली असेल तर आधीच जास्त आहे, उगाच डिझेल जाळताय.

रोटाव्हेटरला पाणी लागत नाही. त्याची पाती ट्रॅक्टरला पुढेच ढकलतात. म्हणून तुमच्या बागेत पाणी म्हणजे फुकट माती दाबणं. कल्टिव्हेटर आणि ट्रॉलीसाठीच विचार करा, आणि त्यातही जे वजन लागलीच उतरवता येतं ते चाकाचं लोखंडी वजन मला बरं वाटतं.

भरायचंच असेल तर चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह अगदी वर आणा. हवा-पाण्याचा व्हॉल्व्ह, टीआर-२१८ए, असलेली ट्यूब हवी. पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की थांबा, तेवढंच साधारण ७५ टक्के. त्यावर हवा. मोजताना व्हॉल्व्ह परत वर हवा, नाहीतर गेजमध्ये पाणी शिरतं. हवेची जागा पाव असल्याने थोडी गळती झाली तरी दाब पटकन उतरतो, म्हणून आठवड्याला बघा. दोन्ही चाकांत सारखंच.

काळी_माती_यावल

एक राहिलं. पाणी भरलेलं चाक पंक्चर झालं तर आधी पाणी काढायचं आणि मग चाक उतरवायचं. पऱ्हाटीच्या हंगामात हे दोन-तीनदा करावं लागलं की लोखंडी वजन महाग वाटत नाही.

केळीबाग_रावेर

मग ८.३-२० आर-१, ८ प्लाय मिळाला तर तोच, पाणी नाही. पुढच्यांची १० फेऱ्यांची चाचणी उद्या सकाळी करतो आणि आकडे इथेच टाकतो.